पद्मिनी प्रकल्प: सिल, वायरिंग आणि ई-२० चा जेट

सध्याची स्थिती: जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीची डावी सिल (दारांखालची बंद पेटी) कापून नवी बसली. उजवीचं आतलं काम उरकलंय, बाहेरचा पत्रा अजून क्लँपवर आहे. इंजिन उतरवून बाजूला ठेवलंय, वायरिंग अर्धवट. रंगाचा विषय इतक्यात नाही.

पद्मिनी हातात आली की बरेच जण आधी इंजिन उघडतात. क्रम उलटा हवा. ६८ मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ७५ मिमी स्ट्रोकचं (पिस्टनच्या फेरीचं अंतर) हे १०८९ सीसीचं इंजिन जुन्या मिस्त्रीला पाठ असतं. ही गाडी कुर्ल्यात बनायची आणि मुंबईत टॅक्सी म्हणून ऑक्टोबर २०२३ पर्यंत चालली, त्यामुळे इंजिनाचं सामान शोधलं तर अजून मिळतं. बॉडीचं तसं नाही. या गाडीला वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नाही. सिल आणि फ्लोअर हेच सगळा भार पेलतात. सिल सडली की गाडी मधून बसते. ते दिसतं दाराच्या फटीत: वरची फट मिटत जाते, खालची उघडते. बिजागरी वर-खाली करून दार लागतं, पण सिल बसलेलीच राहते. विकत घेताना सगळी दारं उघडून-लावून बघायची ती यासाठी.

तपासणी

फ्रिजवरचा साधा मॅग्नेट पातळ कापडात गुंडाळून सिलवरून फिरवा. जिथे निसटतो तिथे लांबी (पुट्टी) भरलेली आहे. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. जिवंत पत्रा ठणकतो, सडलेला भद्द वाजतो. सगळ्यात वाईट हाल जॅक लावायच्या जागी आणि पुढच्या चाकामागच्या कोपऱ्यात सापडतात, कारण चाकाने उडवलेला चिखल तिथेच साचतो.

गंज बाहेरून आत जातो असं वाटतं, पण या गाडीत तो बहुतेक वेळा आतून बाहेर येतो. सिलला आणि दारांच्या खालच्या कडेला पाणी जायला छिद्रं असतात. कधीतरी कुणीतरी प्रेमाने खालून डांबरी कोटिंग मारतं आणि ती बुजतात. फ्लोअरची तीच कथा: काचेच्या रबरातून पाणी झिरपतं, कार्पेटखालचं नमदं ते धरून ठेवतं, आणि चार पावसाळ्यांत पाय ठेवायची जागा चाळणी होते. नवं फ्लोअर टाकून जुनंच नमदं परत अंथरणाऱ्यांना नमस्कार.

कापण्याआधी

गाडी चाकांवर किंवा सस्पेन्शनच्या जागी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) उभी हवी. मधोमध जॅक लावून सिल कापली तर जी वाकडी अवस्था असेल तीच कायमची वेल्ड होते. दाराच्या चौकटीत बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत २५ मिमी चौकोनी नळी आडवी ठेवून टाका (छोटा वेल्ड) मारा, दुसरी तिरकी. दोन्ही कर्ण टेपने मोजून खांबावरच मार्करने लिहून ठेवा; कागद हरवतो. एका वेळी एकच बाजू कापायची.

पत्रा सीआरसीए (थंड लाटलेला मऊ पोलादी) घ्या: बाहेरच्या सिलला २० गेज, आतल्या भिंतीला आणि फ्लोअरला १८ गेज. गेजचा आकडा लहान तितका पत्रा जाड; जाड म्हणजे मजबूत असं समजून १६ गेज टाकू नये. शेजारचा जुना पत्रा पातळ असतो, वेल्ड करताना तोच जळतो आणि भोक वाढत जातं.

मिग वेल्डरला (तार आपोआप पुढे सरकवणारा वेल्डर) ०.६ मिमी तार आणि आर्गॉन-सीओटू मिश्रण ठेवा. बिनगॅसच्या फ्लक्स तारेने इतक्या पातळ पत्र्यावर फक्त भोकं पडतात. जुन्या पद्धतीच्या गॅस वेल्डिंगने काम होतं, पण उष्णता इतकी पसरते की पत्रा लाटेसारखा उठतो. सलग वेल्ड ओढायचाच नाही. २५ मिमीवर टाके मारायचे, एक या टोकाला, दुसरा त्या टोकाला, आणि हात लावता येईल इतका पत्रा निवला की मधले भरायचे. भोक पडायला लागलं तर मागून तांब्याची पट्टी धरा. तांब्याला वेल्ड चिकटत नाही. जिथे कारखान्यात स्पॉट वेल्ड होते तिथे वरच्या पत्र्याला वेल्ड भरायला ८ मिमी भोकं, ४०-५० मिमी अंतरावर, आणि दोन पत्र्यांमध्ये वेल्ड करता येणारा झिंक प्रायमर. टाके पडल्यावर, पूर्ण वेल्डच्या आधी, दार लावून बघा. या पायरीला आळस केला तर पुढचं सगळं दाराभोवती घासत करावं लागतं.

वेल्डिंगच्या आधी बॅटरी काढून ठेवायची आणि पेट्रोलची टाकी गाडीबाहेर. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा धोकादायक, कारण आत वाफ असते.

झाल्यावर बाहेरून एपॉक्सी प्रायमर, जोडांवर सीम सीलर. लांबी लागलीच तर प्रायमरवर. उघड्या पत्र्यावर मारलेली लांबी ओल पिते. सिलच्या पोकळीत कॅव्हिटी वॅक्स मात्र रंगकामानंतर, नाहीतर वॅक्स सांध्यांतून पाझरतं आणि रंग धरत नाही.

सीट बेल्टची सोय आत्ताच करून घ्या. सिल आणि खांब उघडे असताना आतून ६०×६० मिमी, ३ मिमी जाडीची पट्टी वेल्ड करून तिच्यात सात-षोडशांश इंच, वीस आट्यांचा यूएनएफ (बारीक आट्यांचा) नट बसवायचा. नुसत्या पत्र्यात बोल्ट आणि वॉशर लावलेला बेल्ट धक्क्यात पत्र्यासकट बाहेर येतो.

बदल कुठपर्यंत

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पाहता कंपनीच्या मूळ रचनेला सोडून बदल चालत नाहीत. जपानी इंजिन टाकायचे बेत ऐकायला छान, पण आरसीच्या पाचवर्षीय नूतनीकरणाला इंजिन नंबर जुळवताना अडकतात. बोअर ०.६ मिमी वाढवला तर १०८९ चे ११०९ सीसी होतात. तेवढी हौस पुरे. बाकी बदल परत काढता येतील असेच.

त्यात पहिला अल्टरनेटर. मूळ डायनॅमो आयडलला जवळपास काहीच चार्ज करत नाही, पावसात हेडलाइट आणि वायपर चालू असले की बॅटरी उतरते. मारुती ८०० चा अल्टरनेटर ब्रॅकेट करून बसतो. बी प्लसपासून बॅटरीला ६ चौरस मिमीची वायर टाका, जुना कट-आउट (डायनॅमो आणि बॅटरीमधला आपोआप तुटणारा स्विच) सर्किटमधून काढा, चार्जिंगच्या दिव्याची वायर एल टर्मिनलला. तो दिवा जोडलेला नसेल तर बरेच अल्टरनेटर इंजिन रेस केल्याशिवाय चार्ज करत नाहीत, आणि लोक अल्टरनेटरच खराब समजून बदलतात. पुली एका रेषेत नसेल तर पट्टा एका कडेने झिजून काळी पूड सोडतो.

दुसरा बदल हेडलाइटला रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू करणारा स्विच). मूळ वायरिंगमध्ये सगळा करंट स्विचमधून फिरतो. बल्बच्या टर्मिनलवर आणि बॅटरीवर व्होल्टेज मोजा; अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर उजेड तिथेच हरवतोय. दोन रिले (डिपर आणि अप्पर), २.५ चौरस मिमी वायर, बॅटरीजवळ फ्यूज, एवढ्याने ६०/५५ चे साधे बल्ब पुरेसे होतात.

पेट्रोल

ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी दोन गोष्टी. जुने रबरी पाइप आणि पंपाचा डायफ्रॅम इथेनॉलने फुगतो, मग चिरतो; इथेनॉल चालणारेच पाइप घ्या. शिवाय मिश्रण सुमारे ८ टक्के पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. कार्ब्युरेटरमधल्या मेन जेटचा (पेट्रोल सोडणाऱ्या छिद्राचा) आकडा म्हणजे मिलिमीटरचे शतांश, आणि पेट्रोल जातं क्षेत्रफळाच्या हिशोबाने: १२० च्या जागी १२५ घातला की साधारण साडेआठ टक्के वाढ. चढावर पुलिंगला अडखळणं आणि पांढुरके प्लग ही पातळ मिश्रणाची खूण. मात्र इनटेकच्या गॅस्केटमधून हवा ओढली जात असेल तरी हेच दिसतं, तेव्हा जेट बदलण्याआधी ते तपासा.

इंजिन चढवण्याआधी ब्रेकचे पाइप बदलायचे आहेत. एकच सर्किट आहे, एक पाइप फुटला की चारही चाकं गेली. मिश्र धातूचे कुप्रो-निकेल पाइप सहज वाकतात आणि गंजत नाहीत. हवा काढायला मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी, म्हणजे आपल्याकडे मागचं डावं.