कांद्याचे नियम सांभाळणारं सॉफ्टवेअर

नाशकात सॉफ्टवेअरचा धंदा केला की आज ना उद्या कांद्याशी गाठ पडतेच. पिंपळगाव बसवंतच्या एका निर्यातदाराचं बिलिंग माझ्याकडे आलं तेव्हा निर्यातशुल्काचे सगळे दर थेट प्रोग्राममध्ये लिहिलेले होते. दर बदलला की आधी प्रोग्रामर शोधायचा, आणि तो मोकळा होईपर्यंत मुनीमजींनी बिलं हाताने करायची.

आणि बदल तरी किती! १९ ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यातशुल्क लागलं. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य आलं, म्हणजे त्याहून स्वस्तात माल बाहेर पाठवायचा नाही; ८ डिसेंबरला थेट बंदी. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण किमान ५५० डॉलरची अट आणि पुन्हा ४० टक्के शुल्क लागलं. सप्टेंबरात ती अट गेली, शुल्क २० टक्क्यांवर आलं.

म्हणून दर प्रोग्राममधून काढून तक्त्यात टाकले. दर, कधीपासून, कधीपर्यंत, अधिसूचनेचा क्रमांक. जुनी ओळ खोडायची नाही; तिला शेवटची तारीख घालायची आणि खाली नवी ओळ लिहायची. इथवर सोपं होतं.

अडलं ते तारखेवर. मी मुनीमजींना विचारलं, "दर कोणत्या तारखेचा धरायचा? बिलाच्या?" ते म्हणाले, "साहेब, तसं नाही चालत. शुल्क धरायचं कस्टमने माल चढवायची परवानगी दिली त्या दिवसाचं. डॉलरचा भाव मात्र शिपिंग बिल, म्हणजे कस्टमकडचा निर्यातीचा अर्ज, दाखल केलं त्या दिवसाचा." सीमाशुल्क कायदा काढून पाहिला: कलम १६ आणि कलम १४, तंतोतंत तेच. म्हणजे कंटेनर न्हावा शेवा बंदरात अडकला आणि मधेच शुल्क बदललं, तर एकाच बिलात दोन तारखा खऱ्या. जुन्या प्रोग्रामला तारीख एकच ठाऊक होती. आता प्रत्येक नियमासमोर तो कोणत्या तारखेने बघायचा, हेही लिहिलेलं असतं. या कामातली सगळ्यात मोलाची गोष्ट मला मुनीमजींकडून मिळाली.

शेठच्या मुलाचा आग्रह होता की नियमातल्या अटीसुद्धा स्क्रीनवरूनच लिहिता याव्यात. मी ठाम नाही म्हणालो. सप्टेंबर २०२३ च्या शेवटी बंगळुरू रोझ कांद्याला शुल्कातून सूट मिळाली, तीही कर्नाटकच्या फलोत्पादन आयुक्तांचं प्रमाणपत्र असेल तरच. हा नुसता आकडा नव्हे, नवा विचार आहे. तो घाईत स्क्रीनवर टाइप करणं म्हणजे न तपासलेला प्रोग्राम चालवणं. आकडे आणि तारखा मुनीमजींच्या हाती. वाण, देश, प्रमाणपत्र यांच्या अटी प्रोग्राममध्ये, चाचणीसकट. ही सीमा आखायला वेळ गेला, पण पुढचं सगळं काम तिच्यावरच उभं आहे.

नवी ओळ लागू होण्याआधी सॉफ्टवेअर जुनी सगळी शिपिंग बिलं पुन्हा मोजतं. भरलेल्या शुल्काशी रुपयाचाही फरक आला, तर ओळ अडते.

१ एप्रिल २०२५ पासून शुल्क उठलं तेव्हा मुनीमजी २० टक्क्यांची ओळ बंद करून थांबणार होते. मी त्यांना शून्य टक्क्याची वेगळी ओळ लिहायला सांगितली, अधिसूचनेच्या क्रमांकासह. एखाद्या तारखेला ओळच नसेल, तर सॉफ्टवेअर शून्य धरत नाही. बिल थांबवतं आणि विचारतं.