पाणवठ्याची बॅटरी : भर उन्हात चार्जिंग का थांबत होतं

सापडलं! रानातल्या जनावरांसाठी वावरात केलेल्या पाणवठ्यावर सोलर पॅनेलच्या बॅटरीवर मोटर चालते. दिवसभर पॅनेलवर ऊन रखरखत असताना रात्री ती बॅटरी का मरायची, त्याचं कारण सापडलं. एक नाही, दोन कारणं निघाली. मागच्या नोंदीवर ज्यांनी पॅनेल बदला म्हणून सांगितलं होतं त्यांना आधीच सांगतो, पॅनेल ठणठणीत आहे.

मांडणी तीच आहे. २० वॅटचं पॅनेल, पॅनेलची वीज बॅटरीत सोडणारा साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर, १२.८ व्होल्ट १२ एएचचा (अँपिअर-तास) लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी पॅक आणि फवारणी पंपातली डायफ्राम मोटर. विहिरीजवळच्या टाकीतलं पाणी ही मोटर टायमरवर रात्री वरच्या धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) पाणवठ्यात चढवते. दाणे टाकायचं यंत्र मी पुन्हा लावणार नाही. दाण्यावर डुकरं येतात, डुकरांमागे बिबट येतो आणि शेजारची माणसं पहाटे त्याच धुऱ्यावरून जातात. फक्त पाणी, तेही आपल्याच वावरात.

आता मुद्द्याचं. फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळं सुरळीत होतं. एप्रिल सरता सरता रात्री मोटर बंद पडायला लागली. दुपारी पाहावं तर कंट्रोलरवर बॅटरी भरल्याचा दिवा. याच दिव्याने घोळ घातला. लिथियम आयर्न फॉस्फेटला व्होल्टेजवरून जोखता येत नाही. अर्धी भरलेली असो की पाऊण, मीटर १३.२ च्या आसपासच रेंगाळतं. म्हणून अँपिअर बघत बसलो. अकराला पाऊण अँपिअरच्या वर करंट जात होता, एकच्या सुमारास शून्य. त्याच वेळी पॅनेलच्या टोकांवर २० च्या जवळ व्होल्ट. म्हणजे पॅनेल द्यायला तयार आहे, पण घेणारा कोणी नाही.

मग थर्मामीटरचा प्रोब पेटीत सोडला. लोखंडी पेटी, बाहेर ४५, आत सेलच्या अंगाला ६१ अंश! माझ्या बीएमएसच्या (पॅकमधल्या सेलची राखण करणाऱ्या सर्किटच्या) कागदावर चार्जिंगची मर्यादा ५५ आहे. त्यापुढे तो चार्जिंग तोडतो, डिस्चार्ज मात्र चालू ठेवतो. चार्जिंग तुटलं की पॅनेलचं व्होल्टेज सरळ कंट्रोलरच्या बॅटरीकडच्या टोकांवर चढतं, आणि कंट्रोलर समजतो की बॅटरी भरली. दिवा लागतो, मोटर पाणी उपसत राहते, आत काहीच जात नाही. पेटी निवायला संध्याकाळ होते, तोवर सूर्य गेलेला.

तरी सकाळचं चार्जिंग पुरायला हवं होतं. ते का पुरत नाही, हे बाबांनी एका वाक्यात सांगितलं, "मोहाला पालवी आली ना आता." मार्चमध्ये मोह निष्पर्ण असतो, फुलं येतात, ऊन आरपार जातं. फुलं सरली की नवी पानं दाटतात, आणि आमच्या पॅनेलवर दहापर्यंत त्याच मोहाची सावली. सकाळ मोहाने खाल्ली, दुपार उन्हाने. मध्ये उरतात जेमतेम अडीच तास.

वरून आणखी एक त्रास. सेल २.५ व्होल्टवर आले की बीएमएस डिस्चार्जही तोडतो आणि पॅकच्या टोकांवर शून्य दिसतं. स्वस्त कंट्रोलरला बॅटरी दिसलीच नाही तर तो चार्जिंग सुरू करत नाही. सकाळी ऊन आलं तरी ढिम्म. फवारणी पंपाची भरलेली बॅटरी क्षणभर समांतर जोडली की बीएमएस जागा होतो. प्लस-मायनस दोनदा तपासूनच जोडा.

उपाय : पॅक पेटीतून काढून मोहाच्याच सावलीत दोन फूट खोल पुरलेल्या रांजणात ठेवला. वर फरशी, फरशीवर तुराट्यांचा तट्ट्या. पॅनेल मोकळ्यावर नेलं. वायर १५ मीटर झाली, पण २.५ चौरस मिमी तांब्याची असल्यामुळे एक अँपिअरला पाव व्होल्टही पडत नाही. उंदरांसाठी वायर पाइपातून. आता दुपारी दोनला प्रोब ३८ च्या वर जात नाही आणि चार्जिंग चारपर्यंत चालू असतं! रात्रीची मोटर एकदाही चुकली नाही. नवतप्यात (मे अखेरच्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत) हे टिकलं तर मी जिंकलो.

लेड-ॲसिड बॅटरीवर (गाडीत असते तसल्या) परत जा म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं. २५ अंशांच्या वर दर १० अंशांना तिचं आयुष्य साधारण निम्मं होतं. तापलेल्या बॅटरीला चार्जिंग व्होल्टेजही उतरवून द्यावं लागतं, १२ व्होल्टच्या बॅटरीला अंशामागे सुमारे १८ मिलिव्होल्ट. तापमानाचा सेन्सर नसलेला कंट्रोलर तिला उकळूनच काढतो.

पाणवठ्यावर येणारी जनावरं टिपायला लावलेल्या कॅमेऱ्याचं बरं चाललंय. आठ एनेलूप (पुन्हा चार्ज होणारे एए सेल) घातले की चिन्ह अर्धीच बॅटरी दाखवतं, कारण १.२ गुणिले ८ म्हणजे ९.६ व्होल्ट. घाबरू नका, सेल भरलेले असतात आणि व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत तसंच राहतं. १.५ व्होल्टचे लिथियम-आयन एए मला पटले नाहीत. आतला कन्व्हर्टर अखेरपर्यंत १.५ दाखवतो आणि मग एकदम अंधार. '९९०० एमएएच' छापलेल्या १८६५० ला (गोल लिथियम-आयन सेलचा एक आकार) तर हातही लावू नका. त्या आकारात चांगल्यातला चांगला सेल ३५०० च्या आसपास असतो. चांगला सेल ४५ ग्रॅमच्या जवळपास भरतो, सोनाराच्या काट्यावर ठेवून बघा. नागपूरच्या सीताबर्डीतला माझा दुकानदार स्वतःच काटा पुढे करतो, म्हणून मी त्याच्याकडेच जातो. परवा रात्री सायाळ पाण्यावर आली, काटे फुलवून, मागे पिल्लू! रोही (नीलगाय) रोजचे झालेत, पण सायाळ पहिल्यांदाच.

पावसाळ्यात रांजणाचं काय, हा प्रश्न उरतो. काळी माती फुगणार, खड्ड्यात पाणी भरणार, म्हणून मृगाआधी पॅक बाहेर काढायचा. त्यासाठी धुऱ्यावर कवेलूंचं छप्पर घालायचा विचार होता. पण हे लिहिता लिहिता वाटतंय, पावसाळ्यात ही मोटर लागतेच कुठे? आणि उन्हाळ्यात तरी रात्री पाणी चढवायचं कशाला? वरच्या धुऱ्यावर २०० लिटरचा ड्रम ठेवला आणि मोटर भर दुपारी सरळ पॅनेलवर चालवली, तर वीज साठवायचीच गरज नाही. ड्रममधून पाणी उताराने, बॉल कॉकवर (पाणी भरलं की तरंगत्या गोळ्याने मिटणारा नळ). मोटर अडीच अँपिअर घेते, म्हणजे ३० वॅट. ऊन तापलं की पॅनेलची ताकद अंशामागे ०.४ टक्क्याच्या आसपास घटते, त्यामुळे ५० वॅटचं पॅनेल हवं. गोठ्याच्या दिव्याचं आहे ते उतरवतो. पॅक कॅमेऱ्याला १२ व्होल्टच्या पिनने जोडला की सेल बदलायला नको, आणि कार्ड बदलायच्या फेऱ्याही सकाळी निवांत करता येतील. मोहाच्या दिवसांत आणि तेंदूच्या हंगामात संध्याकाळी तिकडे कोणी जाऊच नये.

म्हणून छप्पर रद्द. उद्या ड्रमच्या ओट्याची जागा आखतो. ड्रमची उंची पाणवठ्यापासून जेमतेम चार फूट मिळेल. एवढ्या कमी दाबावर नीट उघडणारा आणि गच्च मिटणारा बॉल कॉक कोणी वापरला असेल तर कुठला, ते सांगा.