आरओच्या पाण्याने माझे तीन आठवडे खाल्ले

माशांच्या टाकीतल्या पाण्याचा पीएच वाढवणाऱ्या 'पीएच अप'ची अर्धी बाटली अजून कपाटात पडून आहे. दुकानदार म्हणाला होता, "ताई, चार थेंब टाका, काम होऊन जाईल." झालं नाही.

अ‍ॅक्सोलॉटल आणला (कल्ले असलेला, पाण्यातच राहणारा उभयचर; आईच्या भाषेत 'तो पाण्यातला सरडा'), महिनाभर टँक सायकल केला, म्हणजे फिल्टरमध्ये अमोनिया पचवणारे जिवाणू वाढू दिले, सगळं बिनबोभाट पार पडलं. माती खाल्ली ती मी नंतर. नाशिकच्या नळाला क्लोरीन येतं, म्हणून दर आठवड्याला बदलायचं पाणी मी स्वयंपाकघरातल्या आरओचं भरू लागले. शुद्ध पाणी, अजून काय हवं!

दुसऱ्या महिन्यात पीएचची नळी पिवळीधमक. म्हणजे ६ किंवा त्याच्याही खाली. याला ७.४ ते ७.६ मानवतं. थेंब टाकले की संध्याकाळी ७.६, सकाळी परत पिवळं. टेस्ट किट खराब असेल म्हणून दुसरं आणलं. तेही पिवळं. पुन्हा दुकानात गेले, तर "डोस वाढवा." वाढवला. चौथ्या दिवशी त्याचे कल्ले पुढे वळले आणि गांडुळाकडे त्याने बघितलंही नाही. अमोनियाच्या नळीत हिरवा रंग, म्हणजे पाण्यात अमोनिया साठलेला.

त्या रात्री कुठे केएच मोजला, म्हणजे पाण्यातले कार्बोनेट. पहिल्याच थेंबाला पिवळं, निळं झालंच नाही, म्हणजे केएच जवळजवळ शून्य. पीएचला धरून ठेवतात ते हेच कार्बोनेट. आरओ ते जवळजवळ सगळे काढून टाकतं, आणि उरलेसुरले फिल्टरमधले जिवाणू अमोनिया पचवताना संपवतात. मग पीएच कोसळतो, जिवाणू सुस्तावतात, अमोनिया साठतो. आम्लधर्मी पाण्यात तो बहुतेक अमोनियमच्या रूपात असतो, फारसा बाधत नाही. पीएच वर ढकलला की त्याचंच विष होतं. म्हणजे रोज संध्याकाळी ते विष मीच तयार करत होते! दुकानदाराने एकदाही केएच विचारला नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

त्याला टबात काढलं, मगभर मगभर नळाचं पाणी मिसळत. टबाचं पाणी रोज पूर्ण बदललं. क्लोरीनसाठी सोडियम थायोसल्फेटचे खडे मिळतात, स्वस्त आहेत. एवढ्यासाठी मी आरओ धरून बसले होते. आमच्या नळाच्या पाण्याचा केएच ४ निघाला. टँकमध्ये रोज थोडंथोडं तेच पाणी बदललं, फिल्टरमध्ये कार्बोनेट हळूहळू सोडणाऱ्या शिंपल्यांच्या चुऱ्याची पिशवी टाकली. नवव्या दिवशी ७.४, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही ७.४! मी आईला झोपेतून उठवून नळी दाखवली. ती म्हणाली, "बरं, मग आता चहा टाक."

बोअरचं पाणी वापरत असाल तर काढल्याकाढल्या मोजू नका. त्यात कार्बन डायऑक्साइड असतो, पीएच कमी दिसतो. एअर पंप लावून एक दिवस ठेवा, मग मोजा. उन्हाळ्यात गोठवलेल्या बाटल्या लागतातच, पाणी १६ ते १८ अंशांवर बरं. खाण्याचा सोडा मी टाकला नाही, पीएच एकदम उडी मारेल ही भीती. आणि शिंपल्यांचा चुरा पिशवीतच ठेवा, तळाशी पसरू नका. हा प्राणी समोर येईल ते तोंडात ओढतो आणि खडे गिळून बसतो.