दुसरा वाढपी

आमच्या घरातला संगणक 2019 मध्ये पुण्याच्या तापकीर गल्लीतून सुटे भाग आणून जुळवलेला आहे. पडद्यावरची चित्रे रेखाटणारे वेगळे ग्राफिक्स कार्ड घेण्याइतके पैसे त्या वेळी हाताशी नव्हते, म्हणून ज्याच्या पोटातच ग्राफिक्सची सोय आहे असा रायझन 3 2200जी हा प्रोसेसर घेतला, त्याला साजेसा सर्वांत स्वस्त ए320 चिपसेटचा मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग ज्यावर जोडतात तो बोर्ड, घेतला आणि त्यावरच्या दोन स्लॉटपैकी एकात 8 जीबीची रॅम, म्हणजे चालू कामाची माहिती तात्पुरती ठेवणारी स्मृती, बसवून दुसरा 'पुढे कधीतरी' म्हणून मोकळा सोडला. वरचा मजला कधीतरी चढवू या आशेने गच्चीवर सळया उघड्या सोडलेल्या असतात ना, तसा तो स्लॉट सहा वर्षे धूळ खात राहिला.

भाचा शिकायला आमच्याकडे राहायला आला तेव्हा या सळयांची आठवण झाली. त्याला जीटीए फाइव्ह हा गाड्या चोरून शहरभर पळवण्याचा खेळ खेळायचा होता. हा खेळ संगणकावर 2015 मध्ये आला आणि त्याची शिफारस 8 जीबीचीच होती. तेवढी रॅम तर आमच्याकडे होती. तरीही गाडी चौकात वळली की समोरचा रस्ता क्षणभर थिजायचा, इमारती उशिरा उगवायच्या आणि भाचा म्हणायचा, "मामा, पीसी विचार करतोय." रॅम किती वापरात आहे ते दाखवणारा विंडोजचा टास्क मॅनेजर उघडून पाहिला तेव्हा खरी गोम कळली. पोटातल्या ग्राफिक्सला स्वतःची स्मृती नसते, त्यामुळे तो भाग आपल्या रॅममधलेच 2 जीबी आधी काढून घेतो, आणि 8 जीबीपैकी वापरण्याजोगे 5.9 एवढेच उरतात. त्यातून विंडोजचे आणि भाच्याने उघड्या ठेवलेल्या ब्राउझरच्या टॅबचे भागवल्यावर खेळाच्या पानात काय पडणार? मग संगणक रॅममध्ये न मावणारा मजकूर डिस्कवर नेऊन ठेवतो, लागला की परत आणतो, आणि डिस्क रॅमहून कितीतरी संथ असल्यामुळे या येरझाऱ्यांत रस्ता थिजतो.

पण जागेची टंचाई ही अर्धीच गोष्ट होती. उरलेली अर्धी मला लग्नाच्या पंगतीवरून समजली, असे म्हटले तरी चालेल. पंगतीत पदार्थ मुबलक असून उपयोग नसतो. वाढपी एकच असेल तर शेवटच्या पानाला वरण पोहोचेपर्यंत पहिल्याचा भात निवतो. रॅमची एकच पट्टी असते तेव्हा प्रोसेसरकडे माहिती वाढणारा वाढपीही एकच असतो. आमच्या पट्टीचा वेग 2400 (सेकंदाला 240 कोटी फेऱ्या), म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त 19.2 जीबी. तेवढीच दुसरी पट्टी शेजारी बसवली की दोन्ही मार्ग एकाच वेळी चालतात आणि हिशेब 38.4 वर जातो. ज्यांच्याकडे वेगळे ग्राफिक्स कार्ड असते त्यांना हा फरक तितकासा जाणवत नाही, कारण त्या कार्डावर त्याची स्वतःची वेगवान स्मृती असते. पोटातले ग्राफिक्स मात्र सर्वस्वी या वाढप्यांवर अवलंबून असते. म्हणूनच स्वस्तातल्या संगणकात 8 जीबीची एक पट्टी घेण्याऐवजी 4 जीबीच्या दोन घ्याव्यात, असे जाणकार सांगत आले आहेत. हे मला 2019 मध्येही कुणीतरी सांगितले होते आणि मी ते दुकानदाराची विक्रीकला समजून कानाआड केले होते.

यंदा जानेवारीत पुन्हा त्याच गल्लीत गेलो आणि भाव ऐकून परत फिरावेसे वाटले. दोन-अडीच वर्षांपूर्वी दोन हजारांच्या आत मिळणारी पट्टी आता सोन्याच्या तोऱ्यात बोलत होती. जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांच्या कारखान्यांतून येते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांना लागणाऱ्या स्मृतीकडे त्यांनी मोर्चा वळवल्यामुळे घरगुती गिऱ्हाईक मागे पडले. मायक्रॉनने तर डिसेंबर 2025 मध्ये क्रूशियल या आपल्या किरकोळ विक्रीच्या व्यवसायातून बाहेर पडत असल्याचे जाहीर केले. हे सारे मला वर्तमानपत्रातून ठाऊक होते, पण बातमी खिशाला हात घालेपर्यंत दूरचीच वाटते.

दुकानदाराने माझा चेहरा वाचला. "काका, नवीन कशाला? ऑफिसमधून निघालेली देतो. सात दिवस टेस्टिंग वॉरंटी." कुठल्याशा कचेरीने जुने संगणक मोडीत काढले होते आणि त्यांतल्या पट्ट्या काचेखाली ओळीने मांडल्या होत्या. गंमत म्हणजे नव्या 3200 च्या पट्टीपेक्षा ही जुनी 2400 चीच माझ्या कामाची होती. जोडीतला एक बैल सावकाश चालणारा असला की दुसऱ्यालाही त्याच्याच चालीने चालावे लागते. 3200 ची पट्टी माझ्या जुन्या पट्टीशेजारी 2400 नेच धावली असती आणि वरचे पैसे वाया गेले असते. मी काचेखालची एक उचलली.

घरी आल्यावर वीज बंद करून वायर काढली, अंगातली स्थिर वीज जावी म्हणून कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला, पट्टीची खाच स्लॉटमधल्या उंचवट्याशी जुळवली आणि दोन्ही टोकांना अंगठ्यांनी दाबली. कट् असा आवाज झाला. बटण दाबले तर पंखे फिरले, पण पडदा काळाच. पाच मिनिटे गेली तरी काळा. भाचा काही न बोलता आत गेला आणि कंपासपेटीतले खोडरबर घेऊन आला. पट्टीच्या सोनेरी कडेवर रबर हलक्या हाताने घासायचे, भुगा झटकायचा आणि पुन्हा बसवायची, हा तोडगा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, आणि संपर्काच्या जागेवर साचलेला थर निघत असल्यामुळे तो लागूही पडतो. या खेपेस पडदा उजळला. 16 जीबी, वापरण्याजोगे 13.9, दोनपैकी दोन स्लॉट भरलेले. वापरलेला माल म्हणून रात्रभर मेमटेस्ट हे रॅम तपासणारे सॉफ्टवेअर चालू ठेवले. सकाळी चुकांच्या रकान्यात शून्य होते.

खेळात सेकंदाला तिशीच्या आसपास घुटमळणाऱ्या फ्रेमनी, म्हणजे पडद्यावर बदलणाऱ्या चित्रांनी, त्याच चौकात चाळिशी ओलांडली. मला चाळिशी लागली तेव्हा घरात कुणाला एवढा आनंद झाल्याचे आठवत नाही.

संध्याकाळी भाच्याने विचारले, "मामा, या रॅममध्ये त्या ऑफिसचं काही राहिलं असेल का?" मी त्याला रॉबर्ट डेनार्ड यांच्याबद्दल सांगितले. आयबीएममध्ये असताना त्यांनी एका बिटसाठी, म्हणजे माहितीच्या सर्वांत लहान तुकड्यासाठी, एक ट्रान्झिस्टर (इवलासा विजेचा स्विच) आणि एक कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा भाग) एवढ्यावर भागवण्याची युक्ती शोधली आणि 1968 मध्ये तिचे पेटंट मिळवले. आजची रॅम त्याच युक्तीवर चालते. कपॅसिटरमधला विद्युतभार मात्र सतत गळत असतो, म्हणून 8 जीबीच्या पट्टीतल्या सुमारे 6,870 कोटी बिटांची उजळणी दर 64 मिलिसेकंदांच्या आत करून घ्यावी लागते. वीज गेली की उजळणी थांबते आणि थोड्याच वेळात सगळे पुसले जाते. त्या कचेरीची पगारपत्रके, रजेचे अर्ज, ताळेबंद, जे काही या पट्टीने वर्षानुवर्षे वाढले असेल, त्यातले काहीही उरलेले नाही.

"बरं आहे," तो म्हणाला आणि चोरलेली गाडी घेऊन चौकातून वळला.