काटा पावती

पहाटे साडेपाचला फोन वाजला. "ताई, पोराला उचललं." माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "काय केलंय त्यानं?" विमुक्त जमातींच्या केसेस चालवते मी, आणि विचारलं ते ठाण्यात विचारतात तेच. मावशी जरा गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "पारधी हाय, आनखी काय करायचं?"

रात्री एकच्या सुमारास जवळच्या गावात घरफोडी झाली होती. ऊसतोडीला आलेल्या टोळीत पारध्यांचं पाल एकच. पोलिसांची गाडी थेट त्याच पालापुढे थांबली. पोरगा ट्रॅक्टर चालवतो, वय एकोणीस.

ठाणे अंमलदार तसे सभ्य. चहासुद्धा विचारला. "अटक नाही मॅडम, चौकशीला आणलंय." सगळी मेख या शब्दात आहे. अटक दाखवली की घरच्यांना कळवावं लागतं, कागदावर साक्षीदाराची सही लागते, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं. चौकशीला आणलेला माणूस कुठल्याच रजिस्टरात नसतो. मग तास मोजायचे कुठून? मी म्हटलं, "अटक असेल तर कागद द्या. नसेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ची, बोलावल्यावर हजर राहण्याची नोटीस द्या आणि घरी सोडा." ऑक्टोबर २०२४चा सुकन्या शांता निकाल पिशवीत असतोच. निकाल तुरुंगातल्या जातिभेदावरचा, पण विमुक्तांना मनमानी अटक होऊ नये असंही सर्वोच्च न्यायालयाने त्यात पोलिसांना बजावलंय. प्रत टेबलावर ठेवली. साहेबांनी ती बोटाने बाजूला सरकवली. "यांचा इतिहास तुम्हाला माहीत नाही."

इतिहास! अख्ख्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा, १९५२च्या ३१ ऑगस्टची मुक्ती, आणि १९५९ला मुंबई राज्यात आलेला सराईत गुन्हेगारांचा कायदा. सगळं जिभेवर आलं होतं. गिळलं. भाषणाने पोरगा सुटला नसता.

मावशींनाच आठवलं, रात्री तो कारखान्यावर खेप घेऊन गेला होता. मुकादमाला फोन केला तर तो पोलिसांचं नाव ऐकून टाळायला लागला. तासभर विनवल्यावर ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समधून कारखान्याच्या वजनकाट्याची पावती निघाली. ग्रीसचे डाग पडलेली, चार घड्या घातलेली. भरल्या गाडीचं वजन रात्री १२.१०ला, रिकाम्या गाडीचं १.५५ला. खाली ट्रॅक्टरचा नंबर. साहेबांनी ती दोनदा उलटसुलट केली, कारखान्याला फोन लावून काट्यावरच्या कॅमेऱ्यात चालक कोण दिसतो ते विचारून घेतलं.

साडेतीनला पोरगा बाहेर आला. डावा पाय टेकवत नव्हता. आधी सरकारी दवाखान्यात नेऊन केसपेपर काढला. उशीर झाला की वळ मावळतात. पाल उचकताना नेलेल्या मावशींच्या चांदीच्या दोन वाळ्यांपैकी एकच परत मिळाला. दुसऱ्याची नोंद नाही म्हणे. पहिल्याचीही नव्हतीच! त्याचा अर्ज अजून फिरतोय.

परतताना मावशींनी बाजारात गाडी थांबवायला लावली. झेरॉक्सच्या दुकानात जाऊन त्यांनी पावती लॅमिनेट करून घेतली आणि आधारकार्डासोबत बटव्यात ठेवली. मी म्हटलं, "मावशी, ती एकाच रात्रीची आहे." त्यांनी बटव्याची दोरी ओढली. "असू दे."