ओटीपी बाबांच्या फोनवर जातो

नागपूर जिल्ह्यातल्या देवलापार, पारशिवनी, भिवापूरकडून पोरापोरींनी फोनवर लैंगिक आरोग्याचा सल्ला घ्यायचा म्हटलं की सगळे नेटवर्कला बोल लावतात. नेटवर्क गच्चीवर जाऊन मिळतं हो, घोडं अडतं ते सिमकार्डापाशी. ई-संजीवनी म्हणजे फोनवरून डॉक्टरचा सल्ला देणारी सरकारी सेवा, तिची नोंदणी मोबाइल नंबरनं होते. घरात फोन एकच, तोही बाबांचा, मग ओटीपी त्यांच्याकडेच जाणार. स्वतःचा नंबर नसेल तर उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडून कॉल लावून घ्यावा. फक्त दार लोटलेलं हवं, कानात इअरफोन हवा आणि बाकावर शेजारची काकू नको. स्पीकरवरचा सल्ला म्हणजे चावडीवरचा सल्ला.

गर्भ राहायची भीती असेल तर डॉक्टरला पहिल्यांदा सांगायचं ते संबंध येऊन किती तास झाले हे. गर्भ राहू नये म्हणून संबंधानंतर घ्यायची लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिग्रॅची एकच गोळी, ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. चिठ्ठी लागत नाही. दोन तासांत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी. दुसऱ्याच दिवशी कार्डावर गर्भाची तपासणी करून ‘निगेटिव्ह आली’ म्हणून निर्धास्त होणारे पुष्कळ. गर्भ रुजल्याशिवाय एचसीजी, म्हणजे कार्ड ज्यावरून गर्भ ओळखतं ते संप्रेरक, लघवीत उतरतच नाही, तेव्हा संबंधानंतर २१ दिवसांनी, सकाळच्या पहिल्या लघवीवर तपासावं.

एचआयव्हीची धास्ती असेल तर मात्र फोनवर भागत नाही. पीईपीलाही, म्हणजे लागण होऊ नये म्हणून संबंधानंतर घ्यायच्या औषधालाही, ७२ तासांचीच मुदत, औषध २८ दिवस, आणि त्यासाठी एआरटी केंद्र, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणारं सरकारी केंद्र, गाठावं लागतं. इथं नुसतं ‘मेडिकलला जा’ म्हणू नये, पोरगं औषधाच्या दुकानात जाऊन उभं राहतं. ‘नागपूरचं सरकारी मेडिकल कॉलेज’ असं पूर्ण सांगावं.

मुलाला लघवीच्या जागेतून पू येत असेल तर गुप्तरोगांच्या सरकारी सुरक्षा क्लिनिकमध्ये औषधांचं राखाडी किट फुकट मिळतं: ॲझिथ्रोमायसिन १ ग्रॅम आणि सेफिक्झिम ४०० मिग्रॅ, एकदाच. जोडीदारानं औषध घेतलं नाही की दुखणं परत येतं, आणि मग नाव औषधाचं खराब. दोघांनीही सात दिवस संबंध टाळावेत. गुप्तांगावर जखम असेल तर रक्ततपासणी लागतेच. १८ वर्षांखालच्यांच्या गुप्तांगाचा फोटो कोणी मागू नये, कोणी पाठवू नये.

अल्पवयीनांच्या टेलि-सल्ल्याला सोबत प्रौढ माणूस लागतो. अल्पवयीन मुलीच्या गर्भपाताचा प्रश्न असेल तर पॉक्सोच्या, म्हणजे बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या, कलम १९ नुसार डॉक्टरला पोलिसांना कळवावंच लागतं, पण सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०२२ च्या निकालानंतर मुलीनं आणि पालकांनी विनंती केल्यास तिचं नाव त्यात द्यावं लागत नाही. ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे.

एचआयव्ही-गुप्तरोगांविषयी नुसतं विचारायचं असेल तर १०९७, फुकट, नाव न सांगता. फोन बाबांना परत देण्याआधी कॉलच्या यादीतून तो नंबर तेवढा पुसा.