तुम्ही विचारलंत म्हणून: निदर्शनं करणाऱ्या त्या चार टाळक्यांना टीव्हीवर आणतं कोण?

वृत्तवाहिनीच्या डेस्कवर होतो म्हटलं की हा प्रश्न ठरलेला. आणतो आम्हीच. कसं, ते सांगतो.

एकदा कुठल्याशा संघटनेची निदर्शनं होती. माणसं मोजून बावीस. कॅमेरामनला फोनवर मीच म्हटलं, "फ्रेम टाइट ठेव, मागचा मोकळा रस्ता दिसायला नको." तो गुडघ्यावर बसला, कॅमेरा खालून लावला. झेंडे, वळलेल्या मुठी, पेटता पुतळा. तीस सेकंदांची ती दृश्यं दिवसभर फिरली आणि खाली 'तीव्र पडसाद' ही पट्टीही माझीच. खोटं म्हणाल तर काही नव्हतं, फक्त आकडा नव्हता.

पण भडका उडतो तो प्रतिक्रियांनी. एखाद्या बड्या नेत्यापुढे बूम, म्हणजे वाहिनीचा माइक, धरायचा, तो निषेध करणार, विरोधक त्या निषेधावर तुटून पडणार, आणि संध्याकाळच्या चर्चेला विषय तयार. मग 'आता ही बातमी टाळता कशी येईल?' असं आम्हीच एकमेकांना विचारायचं!

फ्लोरिडातल्या गेन्सव्हिलचा पाद्री टेरी जोन्स आठवतो? चर्च जेमतेम पन्नास जणांचं. 2010 मध्ये त्याने 11 सप्टेंबरला कुराण जाळण्याची धमकी दिली. अफगाणिस्तानातल्या अमेरिकी फौजांचे प्रमुख जनरल पेट्रेयस बोलले, अध्यक्ष ओबामा बोलले, संरक्षणमंत्री गेट्स यांनी तर त्याला स्वतः फोन केला. त्याने बेत रद्द केला. मार्च 2011 मध्ये मात्र खरंच जाळलं, तेव्हा अमेरिकी माध्यमांनी फारशी दखल घेतली नाही. पण अफगाण अध्यक्ष करझाईंनी जाहीर निषेध केला आणि 1 एप्रिलला मझार-ए-शरीफमध्ये जमावाने संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयावर हल्ला केला. तिथले सात कर्मचारी मारले गेले. त्यामुळे 'दुर्लक्ष करा' हा सोपा सल्ला मला पटत नाही. आधी नाव मोठं करून ठेवायचं आणि मग पाठ फिरवायची, हे जमत नसतं.

न्यूझीलंडमधल्या पाच मोठ्या माध्यमसंस्थांनी 2019 मध्ये जास्त डोकं वापरलं. क्राइस्टचर्चच्या मशिदींवरील हल्ल्याच्या खटल्याचं वार्तांकन करायचं, पण आरोपीच्या विचारसरणीचा प्रचार होईल अशी चिन्हं, हातवारे आणि वक्तव्यं दाखवायची नाहीत, असं त्यांनी आपसात ठरवलं.

त्या बावीस जणांनंतर एकदा मीही पट्टीत आकडा घातला होता: 'अठरा जणांची निदर्शनं'. शिफ्टचे प्रमुख माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. "अठराच असतील तर दाखवतोय कशाला आपण?"

पट्टी आकड्याशिवाय गेली.